पाकिटावरचा विषय

बावीस वर्षं मी कारखान्याच्या आवक-जावक टेबलावर बसले. आलेलं पत्र वहीत चढवायचं, जाणाऱ्याला क्रमांक द्यायचा. माझा हट्ट एकच, विषय नीट लिहा. ‘माहितीबाबत’ असला गुळमुळीत विषय दिसला की मी कागद परत करायची. पत्र न उघडता आत काय आहे ते कळलं पाहिजे. सगळे माझ्यामागे मला विषयबाई म्हणत. म्हणोत बापडे.

आमच्याकडे लिफ्टचे पोलादी दोर बनतात. प्रत्येक गुंडाळीचा तुकडा तपासणी खोलीत यंत्राला लावून तुटेपर्यंत ताणायचा, यंत्र कागदाच्या रोलवर आलेख काढतं, मग दाखला द्यायचा. त्या खोलीत माणूस एकच. दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ, म्हणून त्याचं नाव पडलं मौनीबाबा.

एका दुपारी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“ताई, पाच महिने यंत्र बंद आहे. साहेब म्हणतात, तू दाखले छाप आणि सही कर.”

त्या प्रत्येक दाखल्यावरचा जावक क्रमांक माझ्या हातचा. स्टेशनरीचं कपाटही माझ्याकडेच. पाच महिन्यांत त्यानं आलेखाचा एक रोल नेला नव्हता, आणि माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नव्हता. जन्मभर पाकिटावरचं वाचत बसलं की असंच व्हायचं.

“मी बोललो हे कळलं तर मला काढतील,” तो म्हणाला. “बायकोचे दिवस भरत आलेत.”

“तुझं नाव बाहेर येणार नाही. हा माझा शब्द.”

माझी भाची संगणकातली. तिनं मला घरी बसून नवा ईमेल पत्ता काढून दिला, त्यात माझं नाव कुठंच नाही. मग सरकारी सुरक्षा निरीक्षकांना कुलूपबंद ईमेल कसा धाडायचा ते शिकवलं. “मावशी, किल्ली फक्त त्यांच्याकडे. वाटेत कुणी उघडलं तर नुसता अक्षरांचा भुगा.” तिला घाई होती, ती गेली. मी सगळं सविस्तर लिहिलं, विषय घातला आणि निर्धास्त झाले.

नवव्या दिवशी टपालात निरीक्षकांच्या कार्यालयाची पोच आली. वर आमच्या कारखान्याचं पूर्ण नाव, तेही मीच विषयात घातलेलं. खाली विषयाचा उरलेला भाग, शब्दन्‌शब्द: ‘पाच महिने न ताणता दिलेल्या दाखल्यांबाबत, तपासणी खोलीतील कर्मचाऱ्याची तक्रार.’ आणि शेरा: ‘मजकूर उघडत नसल्याने निरीक्षकांकडे वर्ग. पोच संबंधित कारखान्यास.’

मी जिन्यात जाऊन भाचीला फोन लावला.

“अगं मावशी, कुलूप आतल्या मजकुराला असतं. विषय, कुणी लिहिलं, कुणाला, कधी, हे सगळं बाहेर उघडंच.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?”

“तू विषयात अख्खं पत्र लिहिशील हे मला काय माहीत?”

तिला बोलून उपयोग नव्हता. तिकडे माझ्यासारखंच कुणीतरी बसलं असणार. मजकूर उघडेना, पण विषय स्वच्छ होता. वहीत चढवला, पोच काढली. मी तरी वेगळं काय केलं असतं? माझ्याच शिस्तीनं मला खड्ड्यात घातलं होतं, आणि माझ्याबरोबर त्या पोराच्या बापालाही, पोर अजून जन्मायचं होतं तरी.

कागद पर्समध्ये टाकावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या वहीत नोंद होती. आठवड्यानं स्मरणपत्र आलं असतं, तेही थेट साहेबांच्या नावे. ‘तपासणी खोलीतील कर्मचारी’ हे शब्द काही पुसले जाणार नव्हते. ते कुणाचे, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी पोच वहीत चढवली, शिक्का मारला आणि स्वतः साहेबांकडे घेऊन गेले.

त्यांनी ती दोनदा वाचली. “मौनीबाबाला बोलवा.”

“त्याला कशाला? तक्रार माझी आहे.”

“इथं तपासणी खोली लिहिलंय.”

“मीच लिहिलंय. स्वतःला लपवायला दुसऱ्याची खोली पुढे केली. भित्रेपणा झाला.” मी थांबले नाही. “पाच महिन्यांत रोल एक गेला नाही आणि दाखले गेले तीनशे बारा. दोन्ही वह्या माझ्या अक्षरात आहेत. हे मला कुणी येऊन सांगायला हवं होतं का?”

साहेबांनी पोच घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, “संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं करा.”

बाहेर मौनीबाबा भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. त्यानं तोंड उघडलं. नेमकं आजच त्याला बोलायचं होतं.

“तुला जावक क्रमांक हवाय का? नाही ना? मग जा कामाला,” मी डाफरले, आणि तो गेला.

याला आता दोन महिने झाले. निरीक्षक येऊन गेले, एवढं कानावर आलं होतं. त्यापुढचं कुणाला विचारायची सोय नव्हती. घरात मन रमत नाही. सकाळी नऊ वाजता हात नुसते शिवशिवतात.

काल एक ईमेल आला, त्याच्या बायकोच्या पत्त्यावरून. विषयाचा रकाना कोरा. भाचीनं मलाही एक किल्ली करून दिली होती, ती लावली. आत दोनच ओळी.

‘ताई, मुलगी झाली. आणि काल रोल संपला, नवा मागवलाय.’

मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि रडले, चांगली पदर भिजेपर्यंत. मग उत्तर लिहायला घेतलं. हात सवयीनं आधी विषयाच्या रकान्यात गेला आणि तिथं ‘अभिनंदनाबाबत’ लिहून बसला. मी ते एकेक अक्षर खोडलं.