रंगनाथच्या मापाची मूठ

मी एक गळाची काठी आहे. अंग फायबरचं, मूठ सागाची. माझा जन्म सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत झाला. बनवलं रंगनाथ टर्नरनं, सल्ला मात्र साऱ्या शिफ्टनं दिला.

वाद होता तो रिळाच्या मागची मूठ किती लांब ठेवायची याचा. ज्यांनी जन्मात फक्त सुके बोंबील पाहिले होते, त्यांचंही मत ठाम होतं.

"हातभर ठेव, फेकायला जोर येतो."

"वीतभर बास. नायतर पोटात घुसंल."

रंगनाथनं सगळ्यांना चहा पाजला. मग रीळ पंजात धरलं, मुठीचं लाकूड हाताखाली टेकवलं आणि बरोबर कोपराशी खूण केली. "हात माझा, तर माप माझं," एवढंच म्हणाला.

दोन वर्षं दर रविवारी आम्ही गंगापूर धरणावर गेलो. मी त्याच्या हाताचंच एक हाड झाले होते. मग एका सकाळी कामावर जाताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं.

तिसऱ्याच दिवशी पुंजाराममामा रंगनाथच्या धाकट्या भावाला, दत्तूला म्हणाले, "तुझा हात आखूड. मूठ कापून घे, काठी वाया नको जायला." दुःखातही माणसांना माप सुचतं.

दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. मामांनी दत्तूला कामाला लावायचं कबूल केलं. आत्याबाईंनी तर त्याला आपली मुलगीच देऊन टाकली. कावळा ढिम्म. मला उराशी धरून बसलेला दत्तू एकदम उठला. "दादा, काठीला करवत लावणार नाय."

कावळा आला. तो शेजारचा पिंड संपवून आला होता, हे मी पाहिलं. लोकांनी हात जोडले.

तेव्हापासून दत्तूचे हाल सुरू झाले. प्रत्येक फेकीला माझ्या मुठीचं टोक त्याच्या बरगडीत. बरगडी काळीनिळी, मासा पाण्यात. धरणावरचे म्हणायचे, "काप की लेका." तो चिडायचा. "दादाचा हात एवढाच राहिलाय घरात. तो कापू?" मग तो रोज सकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळू लागला. हात वाढतील म्हणे.

आई, कुसाबाई, महिनाभर ते बघत होती. एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "रंगा तर म्हणत व्हता, मूठ चार बोटं लांब झाली, दिवाळीला कापतो."

"खरं?"

"मी कशाला खोटं बोलू? जेव."

दत्तू ताटावरून उठला. करवत फिरवताना त्याचं नाक गळत होतं. पडलेला तुकडा कुसाबाईनं पदरानं पुसला. "जाळायला व्हईल," म्हणत आत नेला. आमच्याकडे गॅस आहे.

आता मी दत्तूच्या हातात नीट बसते. गेल्या रविवारी मरळ मासा लागला. घरी येईपर्यंत तो हातभर झाला होता.

राहिलं एकच. मूठ लांब झालेली नव्हती. रंगनाथच्या कोपराशी ती केसभरही कमीजास्त नव्हती. आईला हे माहीत आहे, मला माहीत आहे आणि आता तुम्हाला. धरणावर दत्तू भेटला तर मासा किती मोठा होता ते विचारा. मुठीचं काही काढू नका.