भट्टीतला पिवळा

“नाण्यानं वाजव, ग्लेनिस. डोळ्यांना रंग दिसतो, सांधा दिसत नाही. कान लावून ऐक आणि मग बोल.”

सायकली बनवणारे क्लॅरी असं म्हणायचे तेव्हा त्यांच्या हातात बारा कोनांचं पन्नास सेंटचं नाणं असायचं. सायकलच्या नळ्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथे ते त्या नाण्यानं हलकेच टकटक करायचे. सांधा घट्ट असला की आवाज खणखणीत यायचा. आतून सुटलेला असला की बद्द, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. क्लॅरींना जाऊन आठ महिने झाले होते. तरी शनिवारी सकाळी पोर्ट एलियट गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की ग्लेनिसला पहिल्यांदा त्यांचाच आवाज ऐकू यायचा. वीस वर्षं तिनं त्यांच्या हाताखाली काढली होती.

शेडमध्ये दर शनिवारी आठ-दहा जणं जमत. बहुतेकांची साठी आलेली किंवा उलटलेली. पोहून आल्यावर ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल टाकून धावत सुटायचं, त्या ट्रायथलॉन शर्यतींच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या सायकली या मंडळींनी जिवापाड जपल्या होत्या. पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान, हँडलवर कोपरं टेकायला पुढे आलेल्या दोन दांड्या, आणि आडव्या नळीवर चिकटपट्टीनं लावलेलं केळं. केळं लावल्याशिवाय फेरीला निघायचं नाही, हा नियमच होता. हल्लीच्या काळ्या चकचकीत सायकलींना मंडळीतला मर्व हॅनाफोर्ड झुरळं म्हणायचा.

आणखी एक रीत होती. मंडळीतलं कुणी गेलं की वर्षभरात येणाऱ्या मोठ्या फेरीत त्याची सायकल सगळ्यांच्या पुढे चालवायची. तिला कुणी मागे टाकायचं नाही. यंदाची फेरी उद्या, रविवारी होती. क्लॅरींची सायकल पुढे असणार होती, आणि तिच्यावर इनग्रिड लोकन बसणार होती.

ही गोष्ट ग्लेनिसच्या घशाखाली आठ महिन्यांत उतरली नव्हती.

इनग्रिडला येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. वयानं पंचेचाळीसची, मोठ्यानं हसणारी, स्पॅनर कुठल्या बाजूनं धरायचा हे विचारायलाही न लाजणारी. ती आली की मर्व केटली ठेवायचा. ग्लेनिसला मात्र वीस वर्षांत आपला चहा आपणच करून घ्यावा लागला होता. क्लॅरी दवाखान्यात असताना इनग्रिड रोज त्यांच्या उशाशी बसून जुन्या शर्यतींच्या गोष्टी ऐकायची. ग्लेनिस शेडची किल्ली सांभाळत होती, क्लॅरींच्या चाकांच्या तारा ताणत होती. जाण्याआधी चार दिवस क्लॅरींनी बायकोला, नेरिडांना सांगितलं म्हणे, की सायकल कुणाला द्यायची ते तू ठरव. नेरिडांनी इनग्रिडला दिली.

“तुला काय गं, ग्लेनिस,” नेरिडा तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या होत्या. “तुझी आहेच की. तुझं सगळं जागच्या जागी असतं. तुला कधी काही लागतच नाही.”

ग्लेनिस हसली होती. घरी येऊन तिनं आपली पोलादी सायकल दोन तास पुसली होती, आधीच स्वच्छ असतानाही.

ती देवभीरू बाई. रोज पहाटे उठून एक स्तोत्र वाचल्याशिवाय ती कशाला हात लावत नसे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत दरवर्षी ती काहीतरी सोडायची. एका वर्षी साखर, एका वर्षी रेडिओ. यंदा तिनं ठरवलं होतं की कुणाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. मनातल्या मनात ती जाणत होती की हे व्रत इनग्रिडसाठीच आहे. पंचवीस दिवस तिनं ते पाळलंही होतं. जिभेनं.

शनिवारी सकाळी इनग्रिड आली ती सायकल जुन्या चादरीत गुंडाळून. नेरिडांनाही तिनं सोबत आणलं होतं. त्यांना खुर्चीवर बसवून तिनं चादर ओढली.

सायकल पिवळी झाली होती. ताज्या लोण्यासारखा, गुळगुळीत, एकसंध पिवळा. क्लॅरींनी अठ्ठ्याऐंशी साली ती बनवली तेव्हा जसा होता, अगदी तसा. नेरिडांनी तोंडावर रुमाल धरला.

“अगं, हे तर त्यांचंच पिवळं आहे,” त्या म्हणाल्या. “कुठून आणलंस?”

“मी कुठून आणणार? ग्लेनिसनंच पत्ता दिला,” इनग्रिड म्हणाली. “माउंट बार्करचा भट्टीवाला. ग्लेनिस, तुझे उपकार मी कसे फेडू सांग.”

ग्लेनिसला तो फोन आठवला. तीन आठवड्यांपूर्वीचा. ती सारण भरून भाजायच्या पेस्टीचं पीठ मळत होती. इनग्रिडनं विचारलं होतं, तुझ्या सायकलचा रंग कुठे केलास गं? आणि ग्लेनिस पिठाच्या हातानं फोन धरून म्हणाली होती, माउंट बार्करला, भुकटी उडवून भट्टीत भाजतात, चांगला टिकतो. एवढं बोलून तिनं फोन ठेवला होता. कुठल्या सायकलसाठी विचारतेस, हे तिनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या सायकलचं नाव इनग्रिडच्या तोंडून ऐकावं लागलं असतं.

आता तिनं त्या पिवळ्या सांध्यांकडे पाहिलं. पोलादाची सायकल भट्टीत घालायला काही हरकत नसते. पण क्लॅरींची ती सायकल डाग देऊन जोडलेलीच नव्हती. ॲल्युमिनियमच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या खोबणींत चिकटवलेल्या होत्या. त्या काळात लोक हसायचे, सायकल काय गोंदानं चिकटवतात का म्हणून. क्लॅरींनी लांबी भरून, घासून सांधे असे गुळगुळीत केले होते की पाहणाऱ्याला एकाच ओतीव तुकड्याची वाटावी. हे गुपित त्यांनी फक्त ग्लेनिसला सांगितलं होतं. नेरिडांनाही नाही. वीस वर्षांत तिच्या एकटीच्या वाट्याला आलेली ती एकच गोष्ट. कितीदा ओठांवर आली असेल, तरी तिनं कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर ती सगळ्यांची झाली असती.

आणि दोनशे अंशांच्या भट्टीत तो चिकटा अर्धा तास भाजला होता.

“चालवून पाहिलीस का?” तिनं विचारलं.

“घराभोवती चार चकरा मारल्या. वळताना जरा कुरकुरते.”

“कुरकुरणारच,” मर्व म्हणाला. “पस्तीस वर्षांची आहे. मीही वळताना कुरकुरतो.”

सगळे हसले. नेरिडाही डोळे पुसत हसल्या. मंडळी चहाकडे वळल्यावर ग्लेनिसनं खिशातून नाणं काढलं, आणि हँडलखाली, दोन नळ्या मिळतात तिथे टकटक केलं. बद्द. खालच्या सांध्यावर केलं. बद्द. पेडलपाशी तेवढा आवाज जरा उजळ आला. उद्या मिडलटन गावाच्या वरच्या उतारावर, ताशी साठच्या वेगात, इनग्रिड पुढचा ब्रेक दाबेल आणि तिचा सगळा भार याच सांध्यावर येईल.

“काय वाजवतेस?” मर्व कप घेऊन मागे उभा होता.

“काही नाही,” ग्लेनिस म्हणाली. “सवय.”

घरी येताना तिनं स्वतःची समजूत घातली. मी काही बोलले तर काय म्हणतील? ग्लेनिसला बघवलं नाही. सायकल मिळाली नाही म्हणून आता खोड काढते. शिवाय मी व्रत घेतलंय, कुणाच्या कामाला नाव ठेवायचं नाही. हा शेवटचा विचार तिला फार सोयीचा वाटला. तो मनात धरून तिनं अंगण झाडलं, कपडे वाळत घातले, जेवायचं म्हणून टोस्ट केला आणि तसाच ठेवला.

मग ती नेहमीच्या खुर्चीत प्रार्थनेला बसली. डोळे मिटले तर देवाच्या जागी इनग्रिड दिसली, त्या पिवळ्या सायकलवर सगळ्यांच्या पुढे, केळं लावून, हसत. आणि ग्लेनिसला स्वच्छ कळलं की उतार जवळ येतोय तसं आपलं मन ‘तिला थांबव’ म्हणत नाहीये. ते वाट बघतंय.

तिनं डोळे उघडले. जिभेला लावलेलं कुलूप देवासाठी होतं असं ती पंचवीस दिवस समजत होती. त्या कुलपाआड तिनं काय काय साठवलं होतं ते आज दिसलं.

तीनच्या सुमाराला ती इनग्रिडच्या दारात उभी राहिली. इनग्रिड व्हरांड्यात बसून चाकाला तेल देत होती. बाजूच्या बशीत अर्धा खाल्लेला, जाम आणि साय भरलेला किचनर बन.

“ये गं. बन घेतेस? अरे हो, तुझे चाळीस दिवस चालू असतील.”

“उद्या ती सायकल चालवू नकोस,” ग्लेनिस उभ्याउभ्याच म्हणाली. “तिचे सांधे चिकटवलेले आहेत. भट्टीत चिकटा मेलाय. उतारावर ब्रेक दाबलास तर पुढचा भाग सुटेल.”

इनग्रिडनं तेलाची बाटली खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

“चिकटवलेले? कुणी सांगितलं तुला?”

“क्लॅरींनी.”

“मला महिनाभर त्यांनी या सायकलच्या गोष्टी सांगितल्या. चिकटवल्याचं कधी बोलले नाहीत.”

“मलाच सांगितलं होतं.”

“अस्सं.” इनग्रिड उठली. “ग्लेनिस, मी काही लहान नाही. मी आले त्या दिवसापासून तू माझ्याशी कशी वागतेस ते मला दिसतं. नेरिडांनी मला सायकल दिली ते तुला आवडलं नाही. उद्या मी पुढे असणार ते तुला बघवत नाही.”

“नाही बघवत,” ग्लेनिस म्हणाली.

हे उत्तर इनग्रिडला अपेक्षित नव्हतं.

“तुझा हेवा वाटतो मला,” ग्लेनिस हळू आवाजात म्हणाली. “आत्ताही वाटतोय. तुला चहासुद्धा मर्व करून देतो, त्याचाही वाटतो. पण तो बाजूला ठेव आणि हे नाणं घे. आधी माझ्या सायकलवर वाजव. मग त्या सायकलवर.”

इनग्रिडनं नाणं घेतलं. फाटकाला टेकवलेल्या ग्लेनिसच्या सायकलपाशी जाऊन तिनं टकटक केली, आणि व्हरांड्यात परत येऊन पिवळीवर केली. मग पुन्हा केली. तिसऱ्यांदा तिनं एका हातानं पुढचं चाक धरलं, दुसऱ्या हातानं सीट, आणि पिळून पाहिलं. सांध्यावरच्या रंगात केसाएवढी रेघ उमटली. ती पायरीवर बसली.

“पत्ता देताना का नाही सांगितलंस?”

“विचारलं नाही कुठली सायकल ते. विचारायची इच्छा नव्हती. आणि आज सकाळी वाजवून पाहिलं तेव्हा कळलं होतं. तेव्हाही गप्प बसले.”

चाक आपसूक फिरत होतं, इनग्रिडनं ते हातानं थांबवलं.

“माणूस म्हणून तू भयंकर आहेस,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“दुरुस्त होईल?”

“सगळे सांधे उकलून, घासून पुन्हा चिकटवावे लागतील. हा रंगही जाईल. तीन-चार महिने.”

“कुणाला येतं ते?”

“मला,” ग्लेनिस म्हणाली. आणि त्या एका शब्दाबरोबर तिच्या मनात आनंदाची लहर उठलीच, की चार महिने ती सायकल माझ्या घरी असेल, माझ्या हाताखाली. ती लहर तिनं ओळखली. पूर्वी ओळखली नसती.

“तुझ्या घरी नाही न्यायची,” इनग्रिड जणू ऐकल्यासारखी म्हणाली. “इथेच करायचं. माझ्यासमोर. मला शिकवत.”

ग्लेनिसला ते जड गेलं. तिनं मान हलवली.

“आणि नेरिडा?” इनग्रिडचा आवाज आता फाटला. “त्या उद्या साडेआठला मिडलटनच्या वळणावर खुर्ची टाकून बसणार आहेत. नातवंडांना घेऊन. त्यांना कोण सांगणार की त्यांच्या नवऱ्याची सायकल मी भाजून आणली?”

“तू नाही आणलीस. मी सांगते. त्या घरातून निघायच्या आधी.”

“काय सांगशील? चिकटा, भट्टी, एवढंच ना? म्हणजे चूक अडाणी इनग्रिडची, आणि वाचवणारी तू.”

ग्लेनिसच्या मनात नेमकं तसंच काहीसं जुळून येत होतं. तरी ती म्हणाली, “मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, हे सांगेन. का बोलले नाही तेही.”

“शब्द दे.”

“दिला.”

ग्लेनिसला कधीच काही लागत नाही, असं नेरिडा म्हणाल्या होत्या. त्या बाईच्या नजरेतलं आपलं ते जागच्या जागी असलेलं रूप उद्यानंतर राहणार नव्हतं, आणि इनग्रिडचं मात्र होतं तसंच राहणार होतं. घरी जाताना सगळ्या वाटेनं हेच तिला टोचत राहिलं.

रविवारी उजाडताच तिनं स्तोत्र वाचलं. न्हाऊन, चर्चला जायचा निळा झगा घालून ती बाहेर आली. शेजारच्या गल्लीतून सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या. मर्व आणि बाकीची मंडळी शेडकडे निघाली होती. कुणीतरी तिला हाक मारली. तिनं हात वर केला, पण थांबली नाही. आपली सायकल कुंपणाशीच ठेवून, फाटक हलकेच ओढून घेऊन, ती पायीच नेरिडांच्या घराकडे चालू लागली.