न पोचलेला निरोप

लष्करातला हवालदार धैर्यशील लढाईत एक पाय गमावून कळंब्याच्या घरी आला, तो खोलीतून बाहेरच पडेना. बनवून दिलेला कृत्रिम पाय खाटेखाली पडून होता. वडील, आण्णा, दाराशी ताट ठेवत आणि तसंच भरलेलं उचलत.

"क्रांते, पोरगं डोळ्यांदेखत चाललंय की गं," त्यांनी फोनवर सांगितलं, तशी धाकटी बहीण क्रांती पुण्याची नोकरी सोडून आली.

ती टेबलावर खेळायचे युद्धाचे खेळ तयार करायची. दुसरं काही तिला येत नव्हतं. तिनं डोंगरावरच्या चौकीचा नकाशा काढला, लाकडी ठोकळे आणि फासे मांडले, जाडजूड नियम लिहिले आणि भावापुढं ठेवले. त्यानं सगळं भिंतीवर भिरकावलं.

"फाशावर माणसं मारतीस व्हय?"

क्रांती रडली. मग या खेळांचा जुना इतिहास पुन्हा चाळत बसली. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या प्रशियाचे लष्करी अधिकारी असेच नकाशावर ठोकळे ठेवून लढत. मधे एक पंच असे. निरोप त्याच्याकडं द्यायचे, आणि तो सांगेल तेवढंच खेळणाऱ्याला कळायचं. पुढं नियमांचं ओझं इतकं वाढलं, की काहींनी तक्ते, फासे बाजूला सारले. लढाई पाहिलेला माणूस पंच करायचा. तो म्हणेल ते खरं.

तिनं नियम गुंडाळून ठेवले.

"दादा, खेळू नको. नुसता पंच हो. आमी कुठं लढाई बघितलीय?"

तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. आण्णा आत आले. त्या तालेवार माणसानं मुलापुढं हात जोडले. धैर्यशीलला ते बघवेना. त्यानं खाटेखालचा पाय ओढून चढवला.

चौकीवरची क्रांती सोप्यात बसली, मागचे कमांडर आण्णा स्वयंपाकघरात. धैर्यशील भिंत धरत दोघांमधे निरोप नेऊ लागला. शत्रूही तोच हलवत होता. चौकीला वेढा पडायला लागला, तसे आण्णा ओरडले, "तिला म्हणावं, माणसं घेऊन परत फिर! आत्ताच्या आत्ता!"

धैर्यशील बाहेर आला आणि क्रांतीसमोर नुसता उभा राहिला.

"आण्णांचा काही निरोप?"

"न्हाय."

ती चौकीवरच थांबली. त्यानं तिचे ठोकळे एकेक करून उचलले. आण्णा धावत आले. "आरं, मी परत फिर म्हटलं हुतं की!"

"मलाबी म्हटलं हुतं, आण्णा. वायरलेस बंद पडलेला. असा निरोप हुता, हे दवाखान्यात कळलं. माझ्या चौकीवरचा सयाजी म्हणत हुता, मागं जाऊया. मीच धरून ठेवला त्याला. त्यो तिथंच गेला."

क्रांतीनं उचललेले ठोकळे जवळ ओढले. म्हणाली, "परत मांडू, दादा. या वेळी निरोप पोचू दे."

"न्हाय. असला खोटा खेळ करू नको."

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःहून आण्णांना गाडी काढायला लावली. सयाजीचं घर वारणानगरच्या कामगार वसाहतीत होतं. सयाजीच्या आईनं, चिमणाबाईंनी, त्याला बघून दार लावून घेतलं. तो पायरीवर बसला. आण्णांनी दोनदा उठवलं, तो उठला नाही. दिवस कलताना त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"सांग. समदं सांग."