खाली लिहिलेलं खरं मानणारी फाईल

मित्रांनो, मला कपाटात शोधू नका. मी कागदाची नव्हे, संगणकातली फाईल आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. १९८७ साली अंधेरीच्या सीप्झ या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत सुगंधा परबने मला लिहिलं. ती मुलुंडहून यायची. वडिलांची गिरणी बंद पडल्यापासून घर तिच्यावरच होतं.

तुकडे जोडून प्रोग्राम तयार करवणं, हे माझं काम. सुगंधाने माझ्यात सर्वांत वर लिहिलं होतं, 'तक्ता = खरा', म्हणजे प्रोग्रामात खऱ्या माहितीचा तक्ता घाला. पुढे सूचनांमध्ये 'तक्ता' आलं, की त्या जागी 'खरा' भरलं जाई. पण लगेच नाही. संगणक मला आधी शेवटपर्यंत वाची आणि मगच कामाला लागे. त्यामुळे तेच नाव खाली पुन्हा लिहिलं, तर सगळीकडे खालचीच किंमत भरली जाई.

"तुझी फाईल झकास आहे गं," शेजारच्या टेबलावरचा नंदकिशोर म्हणायचा. एकदा स्वतःच्या चाचणीसाठी त्याने माझ्या तळाशी लिहिलं, 'तक्ता = खोटा'. चाचणी संपली, ओळ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सुगंधाने माझी वरची ओळ पाहिली आणि एका रुग्णालयासाठी रक्तगटाचा प्रोग्राम टेपवर भरून पाठवला. खऱ्या तक्त्यात रुग्णांचे खरे रक्तगट होते; चाचणीपुरत्या खोट्या तक्त्यात सगळ्यांचा गट एकच होता. चंपा नावाच्या बाळंतिणीला घाईघाईत भलतंच रक्त चढलं. ती गेली.

"तक्ता कुठला घातलास?" साहेबांनी विचारलं.

"खराच, सर! वर लिहिलंय, बघा ना."

"मग टेपमध्ये खोटा कसा आला?"

 शेजारी ऐकणाऱ्या नंदकिशोरला आपली ओळ आठवली. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला उघडलं आणि शेवटची ओळ पुसून टाकली.

संध्याकाळी सुगंधाने मला तीनदा वाचलं, अगदी तळापर्यंत. माझ्यात चूक उरलीच नव्हती.

"म्हणजे माझ्याच हातून झालं रे," ती नंदकिशोरलाच म्हणाली.

"जाऊ दे ना यार," तो म्हणाला. "होतं असं."

तिची नोकरी गेली. जन्मभर ती चंपाचा जीव स्वतःच्या माथी घेऊन जगणार, हे मला कळत होतं. पण इतरांना मला वाचता येतं, मला बोलता येत नाही. पुढे नवी यंत्रं आली आणि मला उघडणारंही कुणी राहिलं नाही.

मित्रांनो, कामापुरती लिहिलेली ओळ काम संपताच पुसा. उशिरा पुसलीत तर चूक तशीच राहते, ती कुणाची होती एवढं मात्र पुसलं जातं.