मैत्रभूमीचं इस्लामी सल्लागार मंडळ

विक्रमने अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये एक देश काढला होता. नाव मैत्रभूमी. झेंडा होता, राष्ट्रगीत होतं, वेबसाइट होती, साठेक मराठी नागरिक होते. जगातल्या कुठल्याच सरकारला त्याचा पत्ता नव्हता. दोन हजार एकच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्यानंतर त्याने अश्फाक परकारला फोन केला. दोघं पुण्याला इंजिनिअरिंगच्या एकाच वर्गात होते.

"आपल्या सरकारात इस्लामी सल्लागार मंडळ हवं यार. तू अध्यक्ष. निदान आपल्या देशात तरी कुणाला परकं वाटू नये."

अश्फाक मूळचा चिपळूणचा. त्याला हसू आलं, पण बरंही वाटलं. त्या दिवसांत ऑफिसात लोक त्याच्याशी जपून बोलत. मंडळात तो, त्याची बायको नसीमा आणि मशिदीत ओळख झालेला जुनैद असे तिघं झाले. जुनैद लाहोरचा, शेजारच्या वूस्टर शहरात शिकत होता. रविवारी नसीमाच्या स्वयंपाकघरात बैठक भरे. ईदची सुट्टी, सगळ्यांनी घरून पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये हलाल मटणाची वेगळी भांडी, असले सल्ले ते विक्रमला पाठवत. विक्रम ते सगळे मान्य करी.

"किसी सरकार ने पहली बार हमसे राय माँगी है, भाईजान," जुनैद म्हणे. तो थट्टा करतोय की काय, ते कळत नसे. पण काम सगळ्यांत मनापासून तोच करी.

पुढच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या पाकिस्तानी पुरुषांनी इमिग्रेशनच्या कार्यालयात जाऊन नोंदणी करावी असा हुकूम निघाला. आजारपणात एक टर्म बुडाल्यामुळे जुनैदचा व्हिसा लटकला होता.

"ना जाऊँ तो?" त्याने विचारलं.

"नियमाने वागलास तर काही होणार नाही," अश्फाकने सल्ला दिला, आणि त्याला स्वतःच ड्राइव्ह करून नेलं. जुनैद आत गेला. कार्यालय बंद होईपर्यंत अश्फाक पार्किंगमध्ये थांबला. मग दारावरच्या गार्डने सांगितलं, त्याला अटक झालीय.

जुनैदसाठी गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, त्याला ओळखणारी चार माणसं न्यायाधीशासमोर उभी राहिली तर काही आशा आहे. अश्फाक विक्रमकडे गेला.

"तू चल. तुझ्या घरी कितीदा जेवलाय तो."

विक्रमने बायकोकडे, विनीताकडे पाहिलं. "माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे रे. आणि कोण म्हणून उभा राहू? राष्ट्राध्यक्ष म्हणून?"

"मित्र म्हणून."

विनीताने चहाचा कप पुढे सरकवला. त्याच आठवड्यात वेबसाइटवरून मंडळाचं पान गेलं. "टेम्पररी आहे," विक्रमने कळवलं.

कोर्टात अश्फाक आणि नसीमा दोघंच उभे राहिले. उन्हाळ्याच्या तोंडावर जुनैदला पाकिस्तानात परत पाठवलं. लाहोरहून त्याचा फोन आला; मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसतो म्हणाला. "आपकी गलती नहीं थी, भाईजान." नंतर अश्फाकने अनेकदा फोन लावला. तिकडे कुणी उचलत नसे.

ऑगस्टमध्ये मैत्रभूमीचा स्वातंत्र्यदिन आला.

"तुम्ही जा. मी नाही येणार," नसीमा म्हणाली.

अश्फाक गेला. मराठीत बोलायला दुसरी माणसं होती कुठे? विक्रमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "बरं झालं आलास." झेंडा चढला, सगळे राष्ट्रगीत म्हणू लागले. अश्फाकही म्हणत राहिला. शब्द त्याला पाठ होते.