कुंपणातली फट

माझ्या मुलाने, नसीमने, सकाळीच खुंट्या ठोकून सुतळी ओढली आणि कमरेवर हात ठेवून ओरडला, "यम्मा, बागेची ही कड काही सरळ होत नाही. सुतळीपासून या टोकाला चार हात, त्या टोकाला वीतभर. भिंत कुठून घेऊ ते तूच सांग."

मी पायरीवर बसून वाटाणे सोलत होते. काय सांगणार? ती कड तिरकी आहे, कारण अडतीस वर्षांपूर्वी माझा नवरा स्लिमान आणि शेजारणीचा नवरा कुंपण आखायला कपडे वाळत घालायची दोरी धरून फुटबॉलवर भांडत उभे होते. भांडता भांडता दोरी सरकली. साऱ्या ब्लीदा शहरात घरांना भिंती, आमच्या दोन बागांमध्ये मात्र रोझमेरीचं कुंपण, आणि त्यात एक फट. तिथे कधी काही उगवलं नाही. दोन बायकांच्या चपला रोज तिथून ये-जा करत होत्या.

दुसरी बाई म्हणजे झुलिखा. तिला जाऊन पन्नास दिवस झाले. आता तिचं घर भाड्याने जाणार, म्हणून नसीमला भिंत हवी.

आमच्यात एक ताटली होती, निळ्या काठाची, एका जागी टवका उडालेली. मूळची कोणाची ते दोघींनाही आठवत नव्हतं. तिच्याकडून भरून यायची, माझ्याकडून भरून जायची. घरात काहीच नसलं तर साखरेच्या चार वड्या, त्याही नसल्या तर पुदिन्याची काडी. पण रिकामी नाही. शेजारणीला रिकामी ताटली देणं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटणं, हे आमच्याकडे लहान पोरीलाही कळतं.

आणि मी, पासष्ट वर्षांची बाई, तेच केलं.

फटीशेजारी स्लिमानने लावलेला गुलाब होता. स्लिमानला जाऊन सहा वर्षं झाली, त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं. झुलिखाला अलीकडे नीट दिसत नसे, काटे तिच्या डोक्यावरच्या रुमालात अडकत. जानेवारीत एक दिवस मी बाजारातून आले तर गुलाबाचा बुंधा तेवढा उभा, आणि ती कात्री घेऊन हसतेय.

"हजामत केली गं त्याची, बहिजा! आता बघ कसा फुटतो."

"तुझ्या नवऱ्याने लावला होता का?" मी म्हटलं. "तुझे डोळे गेले, अक्कलही गेली वाटतं!"

तिचं हसू गेलं. ती वळली. दुसऱ्या दिवशी फटीतल्या दगडावर ताटली आली, खजूर भरलेले मक्रूत, रव्याच्या तळलेल्या वड्या, मधात न्हाऊन निघालेले. नीट दिसत नसताना अंदाजाने तळलेले, दोन कडेला करपलेले. मी ते नसीमच्या पोरांना वाटून टाकले. ताटली धुतली, पुसली आणि तशीच दगडावर नेऊन ठेवली.

मग खिडकीतून बघत उभी राहिले. हो, बघायचंच होतं मला. ती आली, वाकली, ताटलीत हात फिरवला. काही लागेना, तेव्हा ताटली उलटी करून खालूनही चाचपली, जणू पुदिन्याचं एखादं पान चिकटलं असेल. मग आत गेली.

अकराव्या दिवशी ती झोपेतच गेली. तिच्या घरी चूल बंद, म्हणून मी परात भरून कुसकुस नेला. लोक म्हणाले, शेजारीण असावी तर अशी. मी मान खाली घालून वाढत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

वाटाणे संपत आले तेव्हा फटीतून कोणीतरी आलं. झुलिखाची मुलगी रतीबा. अल्जियर्सला असते, घर आवरायला आली होती. हातात ती ताटली.

"मावशी, ही तुझी ना? आई ही कपाटात ठेवूच देत नव्हती. खिडकीतच हवी म्हणायची."

ताटलीत पुदिना होता. झुलिखाच्याच वाफ्यातला.

"रिकामी कशी आणायची?" रतीबा म्हणाली. "घरात दुसरं काही नव्हतं."

माझ्या मांडीवरची शेंगांची टोपली कलंडली. "मी रिकामी पाठवली होती गं," मी म्हटलं. "तुझ्या आईला. मुद्दाम."

"माहीत आहे मला. फोनवर सांगितलं होतं तिने." रतीबा माझ्या शेजारी बसली. "मी चिडले होते तुझ्यावर. तर मलाच ओरडली. म्हणाली, आता ताटली भरायची पाळी बहिजाची आहे, ती येईल. तिचा राग गुलाबाचा आहे, गुलाब फुटला की उतरेल."

मी फटीकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती, रोजच दिसत होतं. गुलाब कमरेएवढा फुटला होता, कधी नव्हत्या इतक्या कळ्या धरल्या होत्या. राग तर कधीच उतरला होता. उतरून करायचं काय त्याचं?

"यम्मा!" नसीम सुतळी धरून ताटकळला होता. "सांगतेस ना?"

"कड तिरकी आहे तशीच राहू दे. भिंत त्याच रेघेवर घे," मी म्हटलं. "पण गुलाबाला हात लावू नकोस आणि ती फट सोड. एक बाई जाईल एवढी."

"तिथे परके लोक येणार, यम्मा. कोण कुठले."

"येऊ देत. त्यांच्या घरातही कधीतरी मीठ संपेल."

शुक्रवारी मी मक्रूत केले. ताटली शिगोशीग भरली आणि कब्रस्तानात गेले. झुलिखाच्या मातीवर पाणी घातलं. तिच्याशी बोलायचं घोकून गेले होते, पण तिथे तोंडातून एवढंच निघालं, "आले गं." मग तिच्या नावाने मक्रूत वाटले, तिथल्या बायकांना, राखणदाराला. दोघीतिघींनी दुवा दिला. मिनिटाभरात ताटली संपली.

ती घेऊन मी घरी आले. पायरीवर बसले. हातातली ताटली रिकामी होती, आता ती भरून पाठवणारं पलीकडे कोणी नव्हतं. तरीही मी ती उलटी केली आणि खालून हात फिरवून पाहिला.