कोटातले बाबा

सकाळचा चहा झाला की आई स्वप्न सांगते. मी पेपरात डोकं घातलं तरी तिला फरक पडत नाही, घरात ऐकणारे कान असले की झालं. पितृपक्ष आठवड्यावर आला होता. तिने कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "औंदा मी पान वाढूचंय नाय."

आमच्या घरात बाबांचं पान आजवर चुकलेलं नाही. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आई स्वतः करते. त्या दिवशी माझ्या बायकोला, श्रुतिकाला, ती ओट्याजवळ फिरकूसुद्धा देत नाही. मी विचारलं, "का गं? काय झालं?"

"रात्री परत इले होते. कोट घालून. हयच्या कांजूरच्या खाडीत उभे. मागे गिरणीतलो माग चालू, आणि मागातून कापडाच्या जागी बांगडे येतत. मी विचारलंय, अहो, जेवलात काय? एक शब्द बोलाक नाय. त्या सायबाक मी वळखत नाय. वळख नाय त्याका पान कित्याक वाढू?"

मला हसू येत होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून पेपर बाजूला ठेवला.

कोटाची भानगड अशी. बाबा गिरणीत मागावर होते. कोट त्यांनी आयुष्यात घातला नाही. ते गेले तेव्हा मी शाळकरी पोर होतो. घरात त्यांचा एकच फोटो निघाला, गिरणीच्या पासावरचा, गळ्यापर्यंतचा. फोटोवाल्याने तो मोठा केला आणि खाली काहीतरी हवं म्हणून कोट-टाय चढवला. तेव्हा पद्धतच होती, मेल्यावर माणसाला बढती मिळायची. आमच्या तेव्हाच्या चाळीत एकाच मजल्यावर तोच कोट तीन भिंतींवर होता. आई रोज त्याच फोटोला हात जोडत राहिली, आणि हळूहळू खरा माणूस मागे पडून भिंतीवरचा पुढे आला. मलाही बाबा कोटातच आठवतात. दुसरे आठवतच नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

मी घाटकोपरला लग्नाचे अल्बम बनवतो. माणसं कापणं हाच माझा धंदा. वधूच्या मागून वेटर काढायचा, रुसून न आलेल्या काकांना स्टेजवर आणून उभं करायचं. शिवाय रिकाम्या वेळात स्वप्नांची कृष्णधवल कोलाज करायचा नाद आहे. जिन्यावरून उतरणारा समुद्र, कपाटात झोपलेली म्हैस, असलं काहीबाही. श्रुतिका त्यांना 'तुझी भुतं' म्हणते. म्हटलं, आता आईचं स्वप्न करू आणि त्यात बाबांचा कोट उतरवू. तिला तिचा नवरा एकदा नीट दिसला, तर पान वाढेल.

खाडी मीच टिपून आणली. माग एका जुन्या छायाचित्रातून घेतला, बांगडे बाजारातून आणून ताटात मांडले आणि फोटो काढून झाल्यावर तळले. सगळ्याचे रंग काढले, कारण पासावरच्या चेहऱ्याला रंग नव्हताच. मग कोट हटवला आणि हात थांबला. गळ्याखाली काहीच नाही. अंग कुणाचं आणायचं?

शेवटी मी गंजी आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून गॅलरीच्या दाराशी उभा राहिलो. श्रुतिकाने फोटो काढले. "समोरच्या विंगमधल्या बायका बघतायत, पोट आत घे," ती म्हणाली.

बाबांचं डोकं माझ्या खांद्यांवर बसवलं. मान अशी जुळली, की सांधा लपवायला काही करावंच लागलं नाही.

आईला कॉम्प्युटरसमोर शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता रडेल.

"प्वाट खंयचा ह्या? तेंका प्वाट नव्हता."

पोट आत ढकललं.

"डावो खांदो खाली घे. असो ताठ नाय उभे ऱ्हवायचे."

खांदा खाली घेतला. मग दंड बारीक केले, पायांतलं अंतर कमी केलं, बोटं जराशी वाकवली, कारण गिरणीतली पाळी संपली तरी ती सरळ होत नसत. हे मला माहीत नव्हतं. ती सांगत गेली आणि मी माझंच अंग खोडून खोडून बाबा करत गेलो. मला फार बरं वाटत होतं. एवढा वेळ आम्ही दोघं बाबांबद्दल कधी बोललोच नव्हतो.

"ह्ये," आई शेवटी म्हणाली. पडद्याला हात लावला आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी चहा झाला तरी ती बोलेना. मीच विचारलं, "बाबा आले होते?"

"इले होते."

"कोट?"

"नव्हतो. गंजीवर होते."

"मग, बोलले?"

"बोलले तर." तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळेना. "म्हणतत कसे, माझो कोट खंय ठेवलंस? इतक्या वर्षांनी तोंड उघडल्यानी, ता पण माझ्याशी भांडूक."

श्रुतिका कपबशा उचलता उचलता थांबली. ज्या कोटाचा मी इतका राग राग केला, तो बाबांना आवडला होता. अंगावर बरा कपडा त्यांना दुसरा कुणी दिला होता?

"पानाचं काय मग?" मी विचारलं.

"वाढतलंय तर. काळे वाटाणे आणून ठेव." मग ती माझ्यामागून कॉम्प्युटरपाशी आली. "आणि तो कोट टाकलंस काय रे?"

टाकला नव्हता, नुसता लपवला होता. मी तो परत आणला आणि त्यांच्या अंगावर न चढवता बाजूला मागाच्या खांबाला लटकवला.

आईने वाकून पाहिलं. "जरा जवळ घे," ती म्हणाली, "तेंचो हात पोचाक व्हयो."